पट मांडलाय : मायामीच्या वाटेत उभे राहा

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून ‘पॅन ॲम’ हा, त्याच नावाच्या जुन्या अमेरिकी विमान कंपनीवरचा, पटावरचा खेळ आणला. दर रविवारी आम्ही चौघे खेळतो. पटावर सगळ्यांत जास्त विमानं माझीच असतात, तरी शेवटचा नंबरही माझाच. कुठे चुकतंय? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही लहानपणी ‘व्यापार’ भरपूर खेळला असाल! एकदा मुंबई हाती आली की दिवाळं निघेपर्यंत सोडायची नाही, हे आपल्या हाडीमाशी भिनलंय. मी बँकेच्या कर्जविभागात जन्म काढला, तरी या खेळात पहिले तीन डाव अगदी तुमच्यासारखीच हरले.

इथे तुमच्या विमानांना शेवटी कोणी विचारत नाही. सात फेऱ्या संपल्या की मोजतात ते पॅन ॲमचे शेअर, ज्याच्याकडे जास्त तो जिंकला. तुमची छोटी कंपनी म्हणजे त्या शेअरसाठी पैसा उभा करायचं दुकान. फासा पडेल तशी पॅन ॲम मायामीहून हातपाय पसरते आणि वाटेत तुमचा मार्ग आला की विकत घेते. रोख मिळते, विमानही परत येतं आणि पुढच्या फेरीत दुसरीकडे लावता येतं. म्हणून तिच्या वाटेतच जाऊन बसायचं. तुम्ही बहुधा आशियाच्या कोपऱ्यात सुरक्षित जाळं विणत असणार. तिथलं उत्पन्न येतं, नाही असं नाही, पण गिऱ्हाईक येत नाही.

दुसरं, शेअर घ्यायची वेळ फेरीच्या अगदी शेवटी येते. तोवर विमानतळाच्या बोलीत खिसा रिकामा झालेला असतो. फेरी सुरू होतानाच थोडे पैसे पटाखाली सरकवून ठेवा (आमच्याकडे त्याला ‘डाळीचा डबा’ म्हणतात). भाव मध्ये खाली-वर होतो, पण सुरुवातीचा स्वस्त भाव पुन्हा सहसा दिसत नाही. मला एकदा ‘बोइंग ७०७’ हे मोठं विमान हवंच होतं. ईर्ष्येने बोली वाढवत नेली, विमान मिळालं, आणि एका शेअरने हरले. जिंकल्या शेजारच्या काकू. त्यांची पटावर तीनच विमानं उरली होती आणि खेळभर त्या शेंगा सोलत होत्या.

प्रश्न : मोठ्या कंपनीने आपला मार्ग असा घेऊन टाकायचा, हा अन्याय नाही का? खरंच असं व्हायचं का? – इयत्ता सातवी, नाशिक

उत्तर : व्हायचं, बाळा, आणि खेळात मिळते तेवढी किंमत मिळायचीच असंही नाही. १९२७ मध्ये पॅन ॲमने फ्लोरिडातल्या की वेस्टहून क्यूबातल्या हवानाला टपाल न्यायला सुरुवात केली. अंतर साधारण एकशे सत्तर किलोमीटर. कंपनीचे सूत्रधार वान ट्रिप यांना एक गोष्ट पक्की कळली होती : त्या काळात प्रवाशांच्या तिकिटावर विमान कंपनी जगत नाही, सरकारी टपालाच्या कंत्राटावर जगते. राल्फ ओनील यांनी न्यूयॉर्क ते ब्युनोस आयरेस अशी कंपनी काढली. पाण्यावर उतरणारी प्रशस्त ‘कमोडोर’ विमानं त्यांच्याकडे होती. पण अमेरिकी टपालखात्याचा कल पॅन ॲमकडे. अखेर १९३० मध्ये ती कंपनी पॅन ॲमच्या हाती गेली, कमोडोरसकट. खेळात तुला निदान शेअर तरी घेता येतात!

आणि खेळ विमानांच्या भरभराटीतच थांबतो, म्हणून त्या शेअरची पुढची गत दिसत नाही. ४ डिसेंबर १९९१ ला पॅन ॲम बंद पडली.

प्रश्न : भारतातल्या सुरुवातीच्या विमान कंपन्यांवर असा पट आम्ही मुलांसाठी घरी बनवतोय. काही सुचवाल? – एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : नकाशाची सुरुवात कराचीहून करा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढे बेल्लारी-मद्रासपर्यंत विमान त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. पहिल्या फेऱ्यांत पैसा टपालातूनच येऊ द्या, प्रवासी नंतर. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन अशा कंपन्या मुलांना वाटून द्या.

शेवटच्या फेरीचा पत्ता मात्र उपडा ठेवा. त्यावर ‘१९५३’ एवढंच लिहा. तो उलटला की सगळ्या कंपन्या सरकार घेतं, त्या वर्षी खरंच घेतल्या तशा. भरपाई किती द्यायची ते तुम्ही ठरवा, आणि मुलांची भांडणं ऐकायला मला बोलवा.