पहिले पाने घेताना

भावा, बाईकचं काम शिकायला पहिली हत्यारं घेतोयस तर १०८ नगांची चकचकीत पेटी राहू दे, त्यातले दहा-बाराच हाताला लागतील. बाईकसाठी ८, १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरचे रिंग पाने (नटाला चहूबाजूंनी धरणारे), त्याच मापांचे सॉकेट (नटावर टोपीसारखे बसणारे), एक पक्कड आणि दोन नंबरचा फिलिप्स (अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचा) स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर भागतं.

कंपनीवरून भांडणारे सांगली-मिरजेत गल्लोगल्ली भेटतील. तापरिया नाशिकची, कुठंही मिळते, शिकायला भरपूर झाली. पण एकाच शिक्क्याचा हट्ट नको. पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' (चांगल्या पोलादाचं नाव) काय, कुणीही छापतं! दुकानातच नवा एम-६ (६ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट माग (डोकं १० चं), १० चा पाना बसवून हलव. खुळखुळला की परत ठेव.

सुरुवातीला सगळ्यात जास्त नट खराब होतात ते फिक्स पान्यानं (उघड्या तोंडाच्या). तो दोनच बाजूंना धरतो, त्यामुळं जाम नटाचे कोपरे गोल होतात आणि मग कुठलाच पाना बसत नाही. जाम नटाला रिंग किंवा सहाकोनी सॉकेटच लाव. पान्याला पाइप जोडून झटका देऊ नकोस, बोल्टच तुटेल. आधी गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांब.

ऑइलचा ड्रेन बोल्ट (इंजिनखालचा, जुनं ऑइल सोडायचा) परत लावताना दोन-तीन आटे हातानंच बसव, मग पाना. इंजिनचं केसिंग (बाहेरचं कवच) ॲल्युमिनियमचं असतं, बोल्ट तिरका बसला की आटे गेले.

टॉर्क पाना (ठरावीक जोरानंच आवळणारा), इम्पॅक्ट (ठोके देत फिरवणारं यंत्र) वगैरे नंतर बघू. आणि फिलिप्सनं स्क्रू सोडवताना फिरवण्यापेक्षा दाबायला जास्त जोर लाव.