शेजारच्या कोरियन आजी गेल्या. त्यांच्यात श्राद्धासारखं काही असतं का?

तुम्ही विचारलंय की शेजारच्या कोरियन आजी गेल्या, सगळं चर्चमध्येच चाललंय, तर त्यांच्यात श्राद्धासारखं काही करतात का आणि आपण जावं का. जाच. बाकीचं जरा सविस्तर सांगते, कारण मी माहेरची सांगलीची आणि सासरची कोरियन. न्यू जर्सीत पॅलिसेड्स पार्कला माझ्या सासऱ्यांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं.

श्राद्धासारखं असतं, त्याला 'जेसा' म्हणतात. परंपरेनं ते चांद्र पंचांगातल्या तिथीलाच येतं. थोरला मुलगा पितरांसाठी भात, सूप, मासा, फळं मांडतो आणि जमिनीला कपाळ टेकतो. प्रॉटेस्टंट घरांनी मात्र ही पितरपूजा म्हणून सोडली आणि त्या जागी 'चुदो येबे' ठेवली. त्या दिवशी घरचे जमतात, भजनं म्हणतात, बायबल वाचतात, गेलेल्या माणसाच्या आठवणी काढतात आणि जेवतात. मृताला नैवेद्य नाही, नमस्कार नाही. पहिल्या वर्षी मला ते फार कोरडं वाटलं होतं. आता वाटत नाही.

आणि चर्चच का? १९०३ च्या जानेवारीत कोरियन मजुरांचं पहिलं जहाज अमेरिकेच्या हवाई बेटांवर, होनोलुलूला लागलं, तेव्हापासून हे असंच आहे. त्या १०२ जणांतले बरेचसे कोरियातल्या इंचॉनच्या एका मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्याच एका पंथाच्या, चर्चमधले होते. २०१२ च्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत अमेरिकेतल्या कोरियन लोकांपैकी ७१ टक्के ख्रिस्ती निघाले. खुद्द दक्षिण कोरियात २०१५ च्या जनगणनेत हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास होतं. फरक कुठून आला, ते मी सासऱ्यांकडे बघून शिकले. सहा दिवस सकाळी सातपासून ते वाफेच्या प्रेसशी उभे असत. गिऱ्हाईक कपडे काउंटरवर टाकून निघून जाई, त्यांचं नावही कुणाला ठाऊक नसे. रविवारी मात्र ते 'जांगनोनिम' असत, चर्चमधले मानाचे वडीलधारे, आणि तरुण मुलं त्यांना कमरेत वाकून नमस्कार करत. दुकानासाठीचे पहिले पैसेही चर्चमधल्या ओळखीच्या लोकांनी लावलेल्या 'ग्ये'तून आले. ग्ये म्हणजे आपली भिशी.

सासूबाई गेल्या तेव्हा चर्चच्या बायकांनी आमचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. युकगेजांग, म्हणजे लालभडक तिखट बीफचं सूप, त्यांच्याकडे मयताच्या घरी असतंच. मी बीफ खात नाही. न विचारता एका काकूंनी माझ्यासाठी सोयाबीनच्या मोडांचं सूप वेगळं आणलं आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. मी बाप्तिस्मा घेतलेला नाही, आजही नाही, आणि त्या दिवशी कुणी तो विषय काढला नाही.

पण मला सांगायचंय ते सासऱ्यांच्या आईबद्दल. ते मूळचे हामहुंगचे, आताच्या उत्तर कोरियातले. कोरियन युद्धात, डिसेंबर १९५० मध्ये, हुंगनाम बंदरातून माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर सुमारे एक लाख नागरिकांना जहाजांनी दक्षिणेला नेलं, त्यात नऊ वर्षांचे ते आणि त्यांचे वडील होते. आई तान्ह्या मुलीला घेऊन मागं राहिली. काही दिवसांत परतायचंच आहे, असं सगळे धरून चालले होते. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. २००० पासून दोन्ही कोरियांनी ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी घडवल्या, पण अमेरिकेतल्या कोरियन लोकांना त्यात जागा नव्हती.

एका भाद्रपदात मी त्यांना सहज म्हणाले, "अबोनिम, आमच्याकडे ज्यांची तिथी माहीत नसते त्यांचं सर्वपित्रीला करतात." ते म्हणाले, "आमच्या जुन्या लोकांतही आहे. नवव्या महिन्याची नवमी." मग बराच वेळ हातातला शर्ट घडी करत राहिले आणि म्हणाले, "पण त्यासाठी आधी ती गेली असं म्हणावं लागेल ना, आगा." आगा म्हणजे बाळ. तिकडे सासूसासरे सुनेला असं म्हणतात.

रोज पहाटे ते अंधारातच सेब्योक गीदोला, म्हणजे पहाटेच्या प्रार्थनेला जात. ही रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्याँगयांगच्या चर्चमध्ये रुजली आणि इथंही आली. बर्फ असला की मी गाडी काढायची आणि मागच्या बाकावर बसायची. तिथं सगळे एकदम, मोठ्यानं, आपापलं बोलतात. त्या गलक्यात मला त्यांचा एकच शब्द ओळखू यायचा, 'ओमोनी'. आई. आई जिवंत आहे असं धरूनच ते प्रार्थना करत, ती शंभरी ओलांडून गेली असती तेव्हाही.

ते जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या पहिल्या चुदो येबेला नवऱ्यानं आजीचंही नाव घ्यायचं ठरवलं होतं. कागदावर लिहूनही आणलं होतं. ऐन वेळी त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. मला म्हणाला, "बाबांनी कधी म्हटलं नाही, मी कसं म्हणू?"

तेव्हा जा. साधे गडद कपडे घाला, पांढऱ्या पाकिटात जमेल ती रक्कम घाला, आपलं नाव लिहा. जेवायला बसा म्हणतील, तेव्हा नको म्हणू नका. आणि टेबलावर कुणी वडीलधारं असेल तर आजी मूळच्या कुठल्या गावच्या, ते विचारा. वेळ हाताशी ठेवून जा, उत्तर लांबेल.