इन्व्हर्टर बदलू नका, आधी बेरीज करा

वाचकांचे प्रश्न : घरची वीज

प्रश्न : आमच्या गच्चीवर 3 किलोवॉटचं सोलर आहे. सव्वा वर्ष काही तक्रार नव्हती. एप्रिलच्या सुरुवातीला, रीडिंग झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, ठेकेदाराची दोन मुलं आली आणि जुना नेट मीटर काढून स्मार्ट मीटर लावून गेली. मार्चच्या बिलात इम्पोर्ट (बाहेरून घेतलेली वीज) 156 युनिटं आणि एक्सपोर्ट (आम्ही बाहेर पाठवलेली) 263 होतं. एप्रिलमध्ये इम्पोर्ट 414, एक्सपोर्ट शून्य! बिल पाच हजारांच्या पुढे. इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) अ‍ॅपवर मार्चची निर्मिती 352 आणि एप्रिलची 357 युनिटं दिसते, म्हणजे पॅनेल ठणठणीत आहेत. सेक्शन ऑफिसात सांगितलं, "तुमचा इन्व्हर्टर आमच्या मीटरशी कंपॅटिबल नाही." सोलरवाला म्हणतो, मीटरच खराब, पण हवं तर नवीन मॉडेलचा इन्व्हर्टर बसवून देतो. घरात आम्ही दोघंच, एसी नाही. शिवाय आधीची शिल्लक (घेतली त्यापेक्षा जास्त पाठवलेली) युनिटंही बिलातून गायब आहेत. काय करावं?
— निवृत्त शिक्षिका, माधवनगर (जि. सांगली)

उत्तर : बाई (शिक्षिकेला मी बाईच म्हणणार), इन्व्हर्टरला हात लावू देऊ नका. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. मार्चचं इम्पोर्ट आणि एक्सपोर्ट यांची बेरीज करा : 156 अधिक 263, म्हणजे 419. एप्रिलचं नुसतं इम्पोर्ट 414. तुम्ही बाहेर पाठवलेली वीजसुद्धा नव्या मीटरने तुमच्याच नावावर वापर म्हणून चढवली आहे.

पटत नसेल तर दुसऱ्या बाजूने ताळा करून पाहा. घरातला खरा वापर म्हणजे निर्मितीतून एक्सपोर्ट वजा करायचं आणि इम्पोर्ट मिळवायचं. मार्चमध्ये तो 245 युनिटं येतो. दोन माणसं, फ्रिज, पंखे, गिझर, ठीक आहे. एप्रिलचे आकडे खरे धरले तर 357 अधिक 414, म्हणजे 771 युनिटं. एवढी वीज जाळायला तुम्हाला घरात पिठाची गिरणी टाकावी लागेल.

हे होतं कसं? मी एकतीस वर्षं मीटर टेस्टिंगमध्ये काढली. चकतीच्या मीटरच्या काळात लोक जोडण्या उलट करून चकती मागे फिरवायचे. महिनाभर पुढे, शेवटचे चार दिवस मागे. ती चोरी बंद करायला इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये सोय आली : वीज कुठल्याही दिशेने जावो, मोजायची पुढेच. आमच्या भाषेत हा 'फॉरवर्डेड' मोड. सोलर नसलेल्या घराला तो अगदी योग्य. सोलरच्या घरी मीटर 'इम्पोर्ट-एक्सपोर्ट' मोडवर टाकावा लागतो. आपल्याकडच्या स्मार्ट मीटरमध्ये दोन्ही मोड असतात, मीटर तोच. फक्त बसवताना कुणीतरी 'हे सोलरचं घर आहे' अशी नोंद करायला हवी. दिवसाला ठरलेले मीटर बसवायचे असतात त्या मुलांना गच्चीकडे बघायला वेळ नसतो, आणि त्यांना तसं कुणी सांगितलेलंही नसतं.

कंपॅटिबल नसण्याचा इथे काही संबंधच नाही. तुमचा इन्व्हर्टर आणि वीज कंपनीचा मीटर एकमेकांशी बोलतच नाहीत. त्यांच्यात फक्त तार आहे आणि तारेत वीज.

इन्व्हर्टरमुळे मीटर खरोखर चुकल्याची उदाहरणं आहेत, ते नाकारत नाही. जर्मनीत इन्व्हर्टरमधून तारेत येणाऱ्या 2 ते 150 किलोहर्ट्झच्या गोंगाटामुळे (नको असलेल्या वेगवान लहरींमुळे) इलेक्ट्रॉनिक मीटर चुकीची नोंद करताना सापडले आणि त्यानंतर मीटरसाठी वेगळी चाचणी ठरली. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाने नऊ मीटर तपासले, ते निष्कर्ष 2017 मध्ये जाहीर झाले. डिमरवर चालणारे एलईडी दिवे जोडले, तेव्हा पाच मीटरनी जास्त युनिटं दाखवली, एकाने तर 582 टक्के जास्त. पण अशी चूक वेडीवाकडी असते. पाच युनिटांच्या फरकाने बेरीज जुळवून देणारी नसते.

आता खात्री करून घ्या. निरभ्र दिवशी बाराच्या सुमारास घरातल्या सगळ्या सर्किटचे एमसीबी (बोर्डातले खटके) पाडा, पण मेन स्विच आणि सोलरचा एमसीबी चालू ठेवा. मेन पाडलात तर लाइन गेली असं समजून इन्व्हर्टरही बंद पडतो आणि परीक्षा तिथेच संपते. मीटरचं बटण दाबत राहा. 1.8.0 पाशी दिसतं ते इम्पोर्ट, 2.8.0 पाशी एक्सपोर्ट. काही मीटरवर आकड्यांऐवजी अक्षरं येतात. दोन्ही कागदावर लिहा, मोबाइलने फोटोही काढा. अर्ध्या तासाने पुन्हा. इन्व्हर्टर 2.2 किलोवॉट दाखवत असेल तर एक्सपोर्ट साधारण 1.1 युनिटने वाढायला हवं आणि इम्पोर्ट जिथल्या तिथे. तुमच्याकडे उलटं होईल, मी पैज लावतो. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतोय म्हणून समाधान मानू नका, तो दोन्ही दिशांना लुकलुकतो.

मग उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात 'मीटर खराब आहे' असं लिहू नका. तसं लिहिलंत की मीटर काढून टेस्टिंगला जाईल, तिथे तो अचूक ठरेल (कारण तो अचूकच आहे) आणि तुमची तक्रार निकाली निघेल. लिहा : 'मीटर इम्पोर्ट-एक्सपोर्ट मोडवर आहे का ते तपासून तसा करून द्यावा, एप्रिलचं बिल दुरुस्त करावं, आणि मीटरमधल्या दर अर्ध्या तासाच्या नोंदी द्याव्यात.' मोड बदलायला मीटर काढावाही लागत नाही. त्या नोंदी मिळाल्या तर पाहण्यासारख्या असतील. भर दुपारी बाराला सर्वांत जास्त वापर, ढगाळ दिवशी एकदम कमी. सूर्याच्या तब्येतीप्रमाणे वीज वापरणारं घर कुठे असतं?

वीज कापण्याची भीती दाखवली तर वीज कायदा 2003 चं कलम 56 सांगा. बिलाबद्दल वाद असेल तर निषेध नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातलं जे कमी असेल ते भरलं की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. अर्जाने भागलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यापुढे मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल. तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही.

शिल्लक युनिटं गायब झाली ती मात्र चूक नाही. आपल्याकडे ती 31 मार्चपर्यंतच पुढे ओढली जातात. वर्षअखेरीला उरलेल्यांचे पैसे ठरलेल्या दराने बिलात जमा होतात. ती ओळ तेवढी शोधा.

प्रश्न : स्मार्ट मीटर बसल्यापासून रोज दुपारी इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दाखवून बंद पडतो आणि दहा मिनिटांनी परत सुरू होतो. सोलरवाला म्हणतो, सेटिंगमध्ये दुसरा देश निवडला की प्रश्न मिटेल.
— वाचक, सिन्नर

उत्तर : देश बदलू देऊ नका. देश बदलणं म्हणजे इन्व्हर्टरची व्होल्टेजची मर्यादा बदलणं. आपल्या नियमाप्रमाणे व्होल्टेज 110 टक्क्यांच्या वर, म्हणजे 230 ला 253 च्या वर गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत बाजूला व्हायचं असतं. तुमचा इन्व्हर्टर आपलं काम करतोय.

वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला खांबापेक्षा थोडं जास्त व्होल्टेज ठेवावंच लागतं. वाटेत कुठे अडथळा असला की ते आणखी चढतं. मीटर बदलल्यावरच हे सुरू झालं, म्हणून माझा पहिला संशय मीटरच्या टर्मिनलमधल्या ढिल्या स्क्रूवर. वायरमनकडून भर दुपारी मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज मोजून घ्या. फरक दोन-तीन व्होल्टपेक्षा बराच जास्त असेल तर दोष मधल्या वायरिंगचा. दोन्हीकडे जास्त असेल आणि सोलर बंद केल्यावर उतरत असेल, तर मीटरची जोडणी किंवा खांबापासूनची सर्व्हिस वायर. रात्रीही 250 च्या आसपास असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) बदलावा लागेल, त्यासाठी अर्ज करा. सील स्वतः तोडू नका. पण मीटरच्या पेटीला दुपारी हात लावून बघा. चांगली कोमट लागत असेल तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा, ढिली जोडणी जळते.

प्रश्न : इन्व्हर्टरसोबत कंपनीने 'स्मार्ट मीटर' दिलाय. मग वीज कंपनीचा वेगळा कशाला? आणि अ‍ॅपमध्ये रात्री बारा वाजता घर एक्सपोर्ट करताना दिसतं!
— वाचक, चिपळूण

उत्तर : नावाने घोळ केलाय. तुमच्या डीबीमधला (एमसीबीच्या पेटीतला) तो छोटा मीटर फक्त इन्व्हर्टरला आणि अ‍ॅपला माहिती देतो, बिलाशी त्याचा संबंध नाही. बिल वीज कंपनीच्याच मीटरवर. रात्रीचा एक्सपोर्ट म्हणजे तारेभोवतीची सीटीची (तारेतला प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरची) चिमटी उलटी बसली आहे. तिच्यावर बाण असतो, तो कुठल्या दिशेला हवा ते सोबतच्या कागदावर बघा आणि बसवणाऱ्याकडूनच फिरवून घ्या. बाण बरोबर असूनही आकडे येईनासे झाले, तर संपर्काच्या दोन बारीक तारा, ए आणि बी, अदलाबदल झाल्यात का ते त्याला बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे व्हिजिट चार्जेस देऊ नका.