किती मायक्रोमोलर?

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग आला. राग तुझ्यावर नव्हता. ग्रीन टीमधल्या इजीसीजी या रसायनाने कर्करोगाच्या पेशीत गप्प पडलेलं, पेशींची वाढ रोखणारं पी-१६ जनुक पुन्हा बोलतं केलं, तू आनंदलीस. मग कुठेतरी वाचून त्याच प्रयोगात कॅटलेज हे एन्झाइम टाकलंस आणि जवळजवळ सगळा परिणाम नाहीसा झाला. मार्गदर्शक म्हणतात, ती आकृती पेपरातून काढून टाक. तू विचारतेस, "काढू का?" नको.

पत्र इथेच संपवलं असतं. पण पुढे तू लिहिलंयस, "मग माझी तीन वर्षं वाया गेली का?" आणि ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

डीएनएवर बसून जनुक गप्प करणारे मिथाइल गट, डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनवरचे ॲसिटाइल गट, घट्ट-सैल होणारी गुंडाळी, हे सगळं तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यावर मी शब्द खर्च करत नाही. मला एकच विचारायचंय आणि कंटाळा येईपर्यंत विचारणार आहे: किती?

पेशी वाढवायच्या तुझ्या थाळीत इजीसीजी होतं ५० मायक्रोमोलर, म्हणजे द्रावणातल्या रेणूंच्या दाटपणाचं माप. एक-दोन कप चहा पिणाऱ्याच्या रक्तात ते सहसा एक मायक्रोमोलरच्याही खाली असतं, आणि काही तासांत उतरतं. शिवाय प्यायलेल्यातलं फारच थोडं आतड्यातून रक्तात शिरतं. त्यातल्याही काही भागाला शरीराने ग्लुकुरोनाइड नाहीतर सल्फेट असे गट चिकटवलेले असतात. म्हणजे थाळीत तू जो रेणू ओततेस तो गाठीपर्यंत त्या प्रमाणात पोचतच नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचा हिशेब तर याहून वाईट. आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज ३.६ ग्रॅम दिलं, तेव्हा डोस घेतल्यावर तासाभराने रक्तात सापडलं सुमारे ११ नॅनोमोलर (नॅनोमोलर म्हणजे मायक्रोमोलरचा हजारावा भाग). थाळीत लोक २० मायक्रोमोलर वापरतात. भागाकार कर. अठराशे पट! आणि सीरम नसलेल्या बफरमध्ये, शरीराच्या तापमानाला आणि सामूला (पीएचला), कर्क्युमिन अर्ध्या तासात ९० टक्के विघटित होतं. चोवीस तासांच्या प्रयोगात उरलेले साडेतेवीस तास नक्की कशाचा परिणाम मोजला, हे सांगणारा मला अजून भेटायचाय.

आता तुझं कॅटलेज. पेशी ज्यात वाढवतात त्या संवर्धन-माध्यमात इजीसीजी घातलं की ते स्वतःच ऑक्सिडाइज होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हे २००० सालापासून छापील आहे. कॅटलेज ते पेरॉक्साइड मोडतं. तुझ्या पेशींनी चहा प्यायलाच नव्हता, बाई. त्यांनी पेरॉक्साइड प्यायलं.

माझ्याही पेशींनी तेच प्यायलं होतं. सकाळी इन्क्युबेटर उघडला की इजीसीजी घातलेल्या फ्लास्कमधलं माध्यम तपकिरीकडे झुकलेलं असायचं; शेजारचा कंट्रोलचा फ्लास्क मात्र कालच्यासारखाच स्वच्छ गुलाबी. दोन्ही उजेडात धरून मी रोज पाहायचे. रोज! आणि वहीत लिहायचे, "रंगात किंचित फरक." मूर्खपणा याहून वेगळा काय असतो? डोळ्यांसमोर रसायन घडत होतं आणि मी त्याला किंचित म्हणत होते.

तेव्हाचं वातावरणही तसंच होतं, हे मात्र सांगायला हवं. २००३ मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या पेशींत इजीसीजीने मिथाइलेशन उतरतं आणि गप्प जनुकं उठतात, असा निबंध आला होता, ५ ते ५० मायक्रोमोलरच्या टप्प्यात. पुढच्याच वर्षी मिथाइल गट उतरवणाऱ्या ॲझासिटिडिनला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. जनुकाचं अक्षरही न बदलता त्याला उठवता येतं, हे आता रुग्णावर करता येणार होतं. मग ते अन्नातूनही का जमू नये? प्रश्न चांगलाच होता. मी अजूनही म्हणते, चांगला होता. आम्ही फक्त "किती" विचारायचं विसरलो. आम्ही नाही, मी.

माझ्या त्या प्रयोगांवरच्या निबंधावर एक प्रसिद्धीपत्रक निघालं. चहातला घटक झोपलेलं जनुक जागं करतो, असं काहीतरी. "प्रयोगशाळेतील पेशींमध्ये" हे शब्द मी शेवटच्या परिच्छेदात घातले होते आणि छापताना शेवटचा परिच्छेदच उडाला. यात माझी चूक किती, हे मी मनात अनेकदा मोजलंय. दर वेळी आकडा वेगळा येतो. काही महिन्यांनी एका गृहस्थांचा फोन आला. पत्नीला मायलोमा, म्हणजे रक्ताचा एक कर्करोग, उपचार बोर्टेझोमिब या औषधाचे. बातमी वाचून ते तिला ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या देत होते. आणखी दोन वाढवू का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हणाले, सगळ्या थांबवा, आजच डॉक्टरांना सांगा. नेमकं कारण मला तेव्हा ठाऊक नव्हतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालं की इजीसीजी बोर्टेझोमिबमधल्या बोरॉनिक आम्लाच्या गटाला धरून ठेवतं आणि पेशींत, उंदरांत त्या औषधाचा परिणामच मारून टाकतं. तो निबंध हातात घेऊन मी किती वेळ नुसती बसले होते. त्या बाईंचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. फोन नंबर लिहून घ्यायचं सुचलं नव्हतं.

म्हणून "किती" हा प्रश्न मला किचकटपणा वाटत नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यांतल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं गेलं. १९९४ मध्ये निकाल आला: ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. भाजीतून मिळतो तोच रेणू. मात्रा आणि माणसं बदलली, निकाल उलटा पडला.

आता तुझी तीन वर्षं. तू लिहितेस की क्षेत्रच पोकळ निघालं. अगं, असं कोण म्हणालं? ब्युटिरेटकडे बघ. तंतुमय अन्न मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि ब्युटिरेट तयार होतं. किती? मिलिमोलरमध्ये, म्हणजे मायक्रोमोलरच्या हजारपटींत! जिथे हवं तिथे, हव्या त्या प्रमाणात. आतड्याची निरोगी पेशी ते इंधन म्हणून जाळून टाकते. कर्करोगाची पेशी ग्लुकोजवर जगते, त्यामुळे तिच्यात ब्युटिरेट साचतं, हिस्टोनवरचे ॲसिटाइल गट काढणाऱ्या एन्झाइमना अडवतं आणि पेशीची वाढ मंदावते. एकच रेणू शेजारच्या दोन पेशींत दोन कामं करतो, आणि फरक पडतो तो आत किती साचलं यावर. माणसाच्या आतड्यात हे सगळं इतकं सुबक घडतं असं मी म्हणणार नाही. पण इथे मात्रेचा अडसर तरी नाही.

ब्रोकोलीतून मिळणारं सल्फोराफेनही असंच. ब्रोकोलीत ते तयार स्थितीत नसतं. पेशी चिरली, चावली गेली की मायरोसिनेज हे एन्झाइम सुटतं आणि सल्फोराफेन बनतं. ब्रोकोलीचे ६८ ग्रॅम अंकुर एकदा खाल्ल्यावर तीन आणि सहा तासांनी रक्तातल्या पेशींत ॲसिटाइल गट काढणाऱ्या त्याच एन्झाइमची क्रिया घटलेली दिसली. माणसं फक्त तीन, आणि गाठ नव्हे, पांढऱ्या पेशी. पण खाण्याजोगी मात्रा होती. असल्या छोट्या, ओबडधोबड प्रयोगावर माझा तुझ्या पन्नास मायक्रोमोलरपेक्षा जास्त विश्वास आहे.

तेव्हा रडणं पुरे. एक मायक्रोमोलर आणि अर्धा मायक्रोमोलर, अशा दोन मात्रा घे, माध्यम रोज बदल आणि दहा दिवस चालव. एका दिवसात पेशी जेमतेम एकदा विभागते, तेवढ्यात जुने मिथाइल गट कुठे जाणार? शुद्ध रेणूबरोबर त्याचे ग्लुकुरोनाइडही मिळतात का बघ. परिणाम शून्य आला तर शून्य लिही, आणि कॅटलेजची आकृती पहिली लाव, पुरवणीत नको. मार्गदर्शकांना माझं नाव सांग. ते चिडतील, चिडू देत. जेलचे फोटो मला पाठव, न कापता.

आणि उकळून निकामी केलेल्या कॅटलेजचा कंट्रोल ठेव. नाहीतर परीक्षक तेच विचारतील, आणि बरोबर विचारतील.

तुझी,
मॅडम