केमिस्ट्री डोक्यात शिरत नाही, शाखा बदलू का?

अकरावीची पहिली चाचणी होऊन पेपर हातात पडले की माझ्याकडे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, केमिस्ट्री काही झेपत नाही म्हणतोय. कॉमर्सला अजून जागा असतील का?" ही मुलं दहावीला चांगले मार्क मिळवून आलेली असतात. दोन-तीन महिन्यांत त्यांना आपण ढ आहोत असं वाटायला लागलेलं असतं, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं. म्हणून एका मुलीची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती वडिलांबरोबर आली होती. वडील तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानात कामाला. मुलगी जिल्ह्याच्या ठिकाणी हॉस्टेलवर राहून सायन्स करत होती. दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम, विज्ञानात शंभरपैकी ८८. आणि आता चाचणीत बायोलॉजीत पंचवीसपैकी १७, फिजिक्समध्ये ११, केमिस्ट्रीत ४. शाखा बदलाचा अर्ज वडिलांनी लिहूनच आणला होता, शर्टाच्या खिशात घडी घालून. "पोरगी रात्री फोनवर रडते मॅडम. नको आम्हाला ते सायन्स," एवढं बोलून ते थांबले. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

मी मार्कांचा विषय काढलाच नाही. वही मागितली. धागा कुठे तुटला ते मुलांना सांगता येत नाही, पण वहीत दिसतं. हिच्या वहीची पहिली आठ-दहा पानं सुंदर होती. घोटीव अक्षर, समासात पेन्सिलने मराठी अर्थ. मग एका पानापासून ते अर्थ बंद झाले. पुढे नुसतं फळ्यावरचं उतरवलेलं. बाण, आकडे, मध्येच अर्धवट सोडलेली ओळ.

"प्रेसिपिटेट म्हणजे काय गं?" मी विचारलं. तिने मान हलवली. "बरं, अवक्षेप म्हणजे?"

ती एकदम वर बघून बोलायला लागली. दोन द्रावणं मिसळल्यावर न विरघळणारा पदार्थ तयार होतो तो अवक्षेप, सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं द्रावण घातलं की पांढरा येतो, सरांनी करून दाखवला होता. बेस म्हटल्यावर गप्प, आम्लारी म्हटल्यावर लाल लिटमस निळा. रिडक्शन माहीत नव्हतं, क्षपण पाठ होतं. म्हणजे निम्मी केमिस्ट्री तिला येत होती, आणि वर्गात तीच शिकवली जातेय हे तिला कळत नव्हतं. वडील तिच्याकडे बघतच राहिले.

पण सगळा दोष भाषेवर टाकून मी तिला घरी पाठवलं असतं तर चुकलं असतं. मी स्वतः बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेलं, त्यामुळे एक गोष्ट तपासल्याशिवाय मला राहवत नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं, ते समीकरण लिही म्हटलं. तिने डावीकडे एच-टू अधिक ओ-टू लिहिलं, बाण काढला आणि उजवीकडे एच-टू-ओ-टू. दोन्ही बाजूंचे अणू मोजून दाखवले. मोजणी बरोबर होती, पण ते पाणी नव्हतं, हायड्रोजन पेरॉक्साइड झालं होतं. मग कागदावर गोळे काढायला लावले. पाण्याचा एक रेणू म्हणजे ऑक्सिजनचा एक मोठा गोळा, त्याला चिकटलेले हायड्रोजनचे दोन छोटे. खालचा बारीक दोन हा त्या रेणूच्या अंगाचा भाग, तो बदलला की पदार्थच बदलतो. पुढे लिहितो तो मोठा आकडा म्हणजे असे रेणू किती. गोळे काढता काढता तिला हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू लागतो हे आपोआप सापडलं. मग हळूच म्हणाली, "दहावीला आम्ही समीकरणं पाठ केली होती."

हे एका मुलीचं नाही. आपल्या दहावीच्या विज्ञान भाग एकमध्ये दहा धडे आहेत, त्यातले चार रसायनशास्त्राचे. तेवढी समीकरणं पाठ करून बोर्डाचे मार्क मिळतात. मोल, म्हणजे अणू-रेणूंची संख्या मोजायचं एकक, मात्र नववीच्या 'द्रव्याचे मोजमाप' या धड्यात येतो. नववीला बोर्ड नाही, म्हणून कितीतरी ठिकाणी तो धडा उरकला जातो. दहावीत त्याचं काम पडत नाही, आणि अकरावीच्या पहिल्याच धड्यात तो येतो असं धरून शिकवायला सुरुवात होते. मधल्या मधे मूल पडतं.

"मोल म्हणजे काय?" मी विचारलं. तिने एका दमात आकडा म्हटला, सहा पूर्णांक शून्य दोन दोन गुणिले दहाचा तेविसावा घात. "म्हणजे काय पण?" त्याला उत्तर नव्हतं.

मग मी वडिलांकडे वळले. विचारलं, "दादा, शंभर बोल्ट आणि त्याला शंभर नट मागितले गिऱ्हाइकाने, तर तुम्ही मोजत बसता?"

"छे हो. वजनावर देतो. आठ एमएमचा एक बोल्ट साधारण वीस ग्रॅमचा धरला तर शंभराचे दोन किलो. नट पाच ग्रॅमचा, तो अर्धा किलो."

"एक किलो बोल्ट आणि एक किलो नट दिले तर?"

"नट उरतील की. बोल्ट पन्नास, नट दोनशे. दीडशे नट पडून राहणार."

मुलगी त्यांच्याकडे बघत होती. मी काही बोलले नाही. तिनेच टेबलावरचं पेन घेतलं आणि बोल्टच्या जागी ऑक्सिजन लिहिला, नटाच्या जागी हायड्रोजन. "एका ओ-टूला दोन एच-टू लागतात. म्हणजे बत्तीस ग्रॅमला चार ग्रॅम. वजन सारखं घेऊन चालणार नाही, नग जुळले पाहिजेत." थोडं थांबून म्हणाली, "आणि जे आधी संपेल ते लिमिटिंग रिएजंट." तो शब्द तिने वहीत तीन वेळा अधोरेखित केला होता. अर्थ तिला तेव्हा, वडिलांच्या तोंडून लागला.

खोकल्याच्या औषधाचं खुणा असलेलं झाकण माझ्याकडे होतं. त्यातून अठरा मिलिलिटर पाणी मोजून पेल्यात ओतलं. अठरा ग्रॅम, पाण्याचा एक मोल. एवढ्या घोटभर पाण्यात तो तेविसाव्या घाताचा आकडा मावतो. रेणू एकेक करून मोजता येत नाहीत, म्हणून ते वजनावर घ्यायचे, वडील नट घेतात तसे. ती बराच वेळ पेला हातात धरून बसली.

खिशातल्या अर्जाचं मी वडिलांना एवढंच म्हटलं की सहा आठवडे तो घरी राहू दे. त्या काळात दोनच कामं दिली. एक, शंभर पानी वहीत दोन रकाने करायचे, डावीकडे वर्गात कानावर पडलेला इंग्रजी शब्द, उजवीकडे ओळखीचा मराठी. दुसरं, नववीचा तो धडा आणि दहावीचा 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' पुन्हा पहिल्यापासून करायचा. हॉस्टेलवर नववीचं पुस्तक उघडायची तिला लाज वाटत होती, म्हणून आम्ही त्याला खाकी कव्हर घातलं. क्लासमध्ये दर रविवारी नीटच्या धर्तीवर वस्तुनिष्ठ प्रश्नांची टेस्ट व्हायची, ती महिनाभर बंद करायला लावली. वडिलांना ते जड गेलं, फी भरलेली होती. पण पाया नसताना दर आठवड्याला मायनस मार्क बघून मुलं खचतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की तिथे मी हटून बसले.

शाखा बदलू नयेच असं माझं म्हणणं नाही. त्याच वर्षी एक मुलगा आला होता, त्याला मोल, समीकरणं सगळं येत होतं. त्याला इतिहास शिकायचा होता आणि घरात ते बोलायची सोय नव्हती. त्याने बदलली, मी स्वतः त्याच्या आईशी बोलले. पण 'कळत नाही' म्हणून कोणी निघालं असेल तर आधी नेमकं काय कळत नाही ते वही उघडून शोधा, पालकांनो. तुम्हाला विषय यायची गरज नाही. मुलाला एक समीकरण गोळे काढून दाखवायला सांगा. मराठी माध्यमातून आलेलं असेल तर तोच प्रश्न मराठीतून विचारा. कुठे अडतं ते अर्ध्या तासात दिसतं. आणि एवढं करूनही मूल रोज रडत असेल, जेवणझोप सुटली असेल, तर केमिस्ट्री बाजूला ठेवून आधी त्याच्या मनाकडे बघायला हवं. तिथे उशीर करू नका.

दुसऱ्या चाचणीत तिला पंचवीसपैकी १३ पडले. ऑक्सिडेशन नंबर अजून चुकतात, ते तिनेच सांगितलं. शब्दांच्या वहीची साठ पानं भरली आहेत. धाकटा भाऊ यंदा नववीत आहे आणि त्यांच्या वर्गात तो मोजमापाचा धडा दोन तासांत संपवला, असं तिला कळलं. दिवाळीच्या सुट्टीत तिने त्याला वडिलांच्या दुकानात नेलं, काट्यावर एका बाजूला बोल्ट, एका बाजूला नट ठेवले आणि दुपारभर शिकवलं. वडिलांनी मला हे फोन करून सांगितलं. मधूनमधून गिऱ्हाईक येत होतं, म्हणाले, पण काटा त्यांनी मुलांकडेच राहू दिला.