वाचकांचे प्रश्न : कसरतीच्या विमानासाठी हलका अल्टरनेटर

प्रश्न : माझा पुतण्या ऑस्ट्रेलियात असतो. त्याने एका मित्रासह पिट्स एस-१ जातीचे, एकाच आसनाचे, हवाई कसरतींचे विमान घेतले आहे. ते हौशी माणसाने घरी बांधलेले असून त्याला १८० अश्वशक्तीचे लायकमिंग इंजिन आहे. त्यावरचा पट्ट्यावर चालणारा जुना अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र) फार जड आहे. तो काढून हलका बसवावा आणि त्याचे ब्रॅकेट आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपमधून करून पाठवावे, असे त्याचे म्हणणे आहे. कोणता अल्टरनेटर निवडावा आणि ब्रॅकेट करताना काय पाहावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : ब्रॅकेटचे चित्र काढण्याआधी पुतण्याला एक हिशेब करायला सांगावा. त्याच्या विमानाला वीज किती लागते? कर्टिस पिट्स यांचे हे विमान १९४४ मध्ये पहिल्यांदा उडाले, आणि या जातीच्या कितीतरी विमानांना स्टार्टरही नव्हता. प्रोपेलर हाताने फिरवूनच इंजिन चालू करीत. आज त्यावर स्टार्टर, रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारे उपकरण) आणि फार तर एखादा छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. रेडिओवर बोलताना काही सेकंद दोन-तीन अँपिअर लागतात, ऐकताना त्याहून बरेच कमी. ट्रान्सपॉन्डर धरूनही सतत लागणारा प्रवाह तीन-चार अँपिअरच्या पुढे क्वचितच जातो. दिवसा, उघड्या हवेत, अर्ध्या तासाच्या कसरतीसाठी उडणाऱ्या विमानाने साठ अँपिअरचा अल्टरनेटर घेऊन फिरण्यात काही अर्थ नाही.

म्हणून माझी पहिली शिफारस अशी की, पट्टाच नको. लायकमिंग इंजिनाच्या मागच्या बाजूला व्हॅक्यूम पंपासाठी चार स्टडांची एक बैठक असते. कसरतीच्या विमानात हवेवर चालणारी जायरो उपकरणे (विमानाचा कल व दिशा दाखवणारी) सहसा नसल्यामुळे ती झाकण लावून बंद ठेवलेली असते. या बैठकीवर थेट बसणारे, कायमचुंबक असलेले आठ अँपिअरचे छोटे अल्टरनेटर मिळतात आणि त्यांचे वजन दीड किलोच्या आतबाहेर असते. जुन्या पट्ट्याच्या अल्टरनेटरचे वजन ब्रॅकेटसह पाच-सहा किलो भरते. बैठकीचा दांडा क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) १.३ पट वेगाने फिरतो, म्हणजे इंजिन मिनिटाला २७०० फेऱ्यांवर असताना अल्टरनेटर ३५१० फेरे घेतो आणि पूर्ण प्रवाह देतो. जमिनीवर इंजिन मंद फिरत असताना तो फारच थोडी वीज देईल, त्यामुळे टॅक्सी करताना (विमान जमिनीवरून चालवताना) रेडिओ बॅटरीवरच चालतो हे गृहीत धरावे. मागची भिंत, म्हणजे फायरवॉल, किती जवळ आहे ते आधी मोजून घ्यावे. जुळणी बहुतेक वेळा तिथेच अडते.

बॅटरीचाही इथे संबंध येतो. वजन वाचवण्याच्या याच नादात लिथियमची बॅटरी बसवली, तर स्टार्टर फिरवून झाल्यावर ती अल्टरनेटर देईल तेवढा सगळा प्रवाह ओढून घेते, आणि बिचारा आठ अँपिअरचा अल्टरनेटर बराच वेळ कमाल भारावर तापत राहतो. तिच्या उत्पादकाने सांगितलेली चार्जिंगची मर्यादा वाचल्याशिवाय ही जोडी जमवू नये. साधी सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी जड असली तरी उलट्या उड्डाणात सांडत नाही आणि इतकी हावरटही नसते.

आता ब्रॅकेटविषयी, कारण पुतण्याने तरीही पट्ट्याचाच पर्याय निवडला, तर कुपवाडमधले तुमचे काम खरोखर महत्त्वाचे ठरेल. या विमानाला सहा ‘जी’पर्यंतचा (स्वतःच्या वजनाच्या सहापट) भार सोसावा लागतो. पाच किलोचा अल्टरनेटर त्या क्षणी ब्रॅकेटवर तीस किलोसारखा लटकतो आणि पुढच्याच कसरतीत उलट दिशेने ओढतो. त्यातच चार सिलिंडरच्या इंजिनात २७०० फेऱ्यांवर सेकंदाला ९० स्फोट होत असतात. अशा ठिकाणी ब्रॅकेट एका झटक्यात मोडत नाही, ते थकते. भेग सहसा कानाच्या (बोल्ट घेणाऱ्या, पुढे आलेल्या भागाच्या) मुळाशी किंवा भोकाच्या काठाशी सुरू होते. त्यामुळे ॲल्युमिनियमऐवजी क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद वापरावे, आतल्या कोपऱ्यांना मोठी गोलाई द्यावी, भोके ड्रिलने सोडून न देता रीमरने मापात आणावीत आणि अल्टरनेटरला दोन्ही बाजूंनी कान द्यावेत.

सगळ्यात जास्त जपावे ते फटीला. कान आणि अल्टरनेटर यांच्यात अर्धा मिलिमीटर फट राहिली आणि बोल्ट आवळून ती मिटवली, तर ब्रॅकेट उड्डाणाआधीच वाकलेल्या ताणात बसते आणि पुढचे काम कंपन करते. योग्य जाडीचे वॉशर टाकून फट भरावी, बोल्टने ती ओढू नये. पट्टा ताणणारी पट्टी हा तिसरा आधार आहे, तीही तितकीच भक्कम हवी. पहिल्या काही उड्डाणांनंतर ब्रॅकेट उतरवून डाय पेनिट्रंटने (भेगेत शिरणाऱ्या रंगाने) भेगा तपासाव्यात. ही तपासणी तुमच्या वर्कशॉपला नवी नसेल. पट्टा बदलायचा तर प्रोपेलर उतरवावा लागतो, हेही पुतण्याच्या लक्षात असावे.

वजन कमी झाल्याचा आनंद मानण्याआधी विमान पुन्हा तराजूवर चढवणे अनिवार्य आहे. समजा, गुरुत्वमध्यापासून १.३ मीटर पुढे असलेले साडेपाच किलो काढले आणि ०.६ मीटर पुढे दीड किलो बसवले. सुमारे ५०० किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य त्यामुळे जवळजवळ सव्वा सेंटिमीटर मागे सरकतो. थोडा मागचा गुरुत्वमध्य काही वैमानिकांना आवडतो, कारण एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) हलका लागतो. मात्र मर्यादेच्या मागे गेलेले विमान स्पिनमधून (गिरक्या घेत खाली पडण्यातून) बाहेर यायला उशीर करते किंवा येतच नाही. बॅटरी पुढे हलवून हा हिशेब सावरता येतो.

व्होल्टेज मापात ठेवणारा रेग्युलेटर बिघडून बारा व्होल्टच्या यंत्रणेतला विद्युतदाब सोळाच्या वर गेला, तर अल्टरनेटर आपोआप तोडणारे संरक्षण असलेच पाहिजे. ते ऐच्छिक नाही.

प्रश्न : मारुती किंवा ट्रॅक्टरचा छोटा अल्टरनेटर अशा कामाला चालेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : परदेशात घरी बांधलेल्या विमानांवर डेन्सो जातीचे मोटारींचे छोटे अल्टरनेटर अनेक वर्षांपासून वापरले जातात, आणि कुबोटाच्या लहान इंजिनांवरचा कायमचुंबकी डायनॅमोही वापरला जातो, तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना तो ओळखीचा असेल. फेऱ्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. इंजिनाची पुली पावणेदहा इंची आणि अल्टरनेटरची पावणेतीन इंची धरली, तर २७०० फेऱ्यांना अल्टरनेटर साडेनऊ हजार फेरे घेतो, आणि मोटारीत तो याहून वेगाने फिरतो.

अडचणी दोन आहेत. लायकमिंग इंजिन समोरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरते, तर मोटारीचा अल्टरनेटर पुलीच्या बाजूने पाहता सहसा घड्याळाच्या दिशेने. वीज दोन्हीकडे सारखीच मिळते, पण पंख्याची पाती वळणदार असतील तर थंडावा कमी पडतो आणि डायोड तापतात. अशा वेळी सरळ पात्यांचा पंखा बसवावा. दुसरी अडचण गंभीर आहे. रेग्युलेटर आतच असेल, तर तो बिघडल्यावर वैमानिकाला अल्टरनेटर बाहेरून बंद करता येत नाही. म्हणून जाणकार बांधणारे आतला रेग्युलेटर काढून फील्डची (अल्टरनेटरमधल्या चुंबकाला वीज देणारी) तार बाहेर आणतात आणि वेगळा रेग्युलेटर व स्विच लावतात.

हे सगळे हौशी बांधणीच्या विमानापुरते आहे. भारतात नोंदलेल्या, प्रकार-प्रमाणपत्र (त्या जातीच्या रचनेला सरकारी मान्यता) असलेल्या विमानावर, मग ते कराडच्या धावपट्टीवरचे असो वा अन्य कुठले, मंजुरी नसलेला मोटारीचा भाग बसवता येत नाही. तिथे डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) मान्य असलेली बदलाची मंजुरी हवी, आणि काम परवानाधारक विमान-देखभाल अभियंत्याच्या सहीने लॉगबुकात नोंदले गेले पाहिजे.