‘शोषणपट’ हा शब्द का टाळावा: जपानी पोस्टरांच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे: “१९६० आणि १९७० च्या दशकांतील जपानी ‘एक्स्प्लॉइटेशन फिल्म’ आणि त्यांची पोस्टरे यांवर मी मराठीत लेख लिहीत आहे. या चित्रपटांना ‘शोषणपट’ म्हणावे का? ‘पिंक फिल्म’साठी ‘गुलाबी चित्रपट’ आणि पोस्टरसाठी ‘भित्तिचित्र’ हे शब्द चालतील का?”

तिन्ही शब्दांबाबत माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यातील पहिला शब्द सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्याचा विचार सविस्तर करतो.

मराठीत ‘पट’ जोडून तयार झालेले शब्द पाहावेत. भयपट, रहस्यपट, युद्धपट, विनोदपट, चरित्रपट या सर्वांत पहिले पद प्रेक्षकाला काय मिळणार आहे किंवा चित्रपट कशाविषयी आहे, ते सांगते. या न्यायाने ‘शोषणपट’ हा शब्द वाचणाऱ्याच्या मनात गिरणी कामगार, वेठबिगार, सावकाराने नाडलेला शेतकरी यांच्यावरचा चित्रपट उभा राहील, कारण मराठीत ‘शोषण’ हा शब्द श्रमिकांचे शोषण, लैंगिक शोषण, शोषित समाज अशाच सोबतीत वापरला जातो. ‘शुष्’ म्हणजे सुकणे, वाळणे, या धातूपासून आलेल्या या शब्दात दुसऱ्याचे सत्त्व ओढून घेऊन त्याला कोरडे करणे हा अर्थ आजही जिवंत आहे. म्हणजे ‘शोषणपट’ म्हटले की वाचक अन्यायाविरुद्ध आवाज उठवणाऱ्या चित्रपटाची अपेक्षा करील, आणि लेख मात्र बदला, तुरुंग, नग्नता आणि चाकूसुऱ्या यांवर तिकिटे विकणाऱ्या चित्रपटांचा असेल.

गैरसमजाचे मूळ इंग्रजी शब्दाच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकेतील चित्रपटधंद्यात ‘एक्स्प्लॉइटेशन’ हा प्रसिद्धी विभागाचा रोजच्या वापरातला शब्द होता. वर्तमानपत्रातील नेहमीच्या जाहिरातीपलीकडे जाऊन चित्रपटगृहाची दर्शनी सजावट करणे, रस्त्यावर गर्दी खेचणारी एखादी क्लृप्ती लढवणे, गावभर बोलबाला करणे, अशा सगळ्या खटाटोपाला तो शब्द वापरीत. कोणत्याही चित्रपटाचे असे ‘एक्स्प्लॉइटेशन’ होत असे. ज्या चित्रपटांत नाव घेण्याजोगा नट नव्हता, पैसाही नव्हता, आणि जे केवळ अशा गाजावाजावर व निषिद्ध विषयावर चालत, त्यांना पुढे ‘एक्स्प्लॉइटेशन फिल्म’ हे नाव चिकटले. तेव्हा या नावात पोस्टर आधीपासूनच दडलेले आहे, आणि पोस्टरांवर लिहू पाहणाऱ्या लेखकाने हा धागा हातचा सोडू नये असे मला मनापासून वाटते.

या चित्रपटांत स्त्रियांच्या देहाचा बाजार मांडला गेला, हे खरे आहे. त्या अर्थाने ‘शोषण’ हा शब्द लेखात जरूर यावा, स्पष्टपणे यावा. परंतु तो लेखकाचे मत म्हणून यावा. प्रकाराच्या नावातच तो घातला, तर नाव आणि निवाडा यांची सरमिसळ होते.

मग कोणता शब्द घ्यावा? आपल्या चित्रपटसमीक्षेत ‘गल्लाभरू’ हा अस्सल शब्द अनेक वर्षे वापरात आहे, आणि गंमत अशी की त्याचा दृष्टिकोन ‘एक्स्प्लॉइटेशन’शी तंतोतंत जुळतो, कारण दोन्ही शब्द पडद्यासमोर बसून सुचलेले नाहीत, तिकीटबारीच्या आतल्या बाजूने पाहून सुचलेले आहेत. अडचण इतकीच की मोठ्या ताऱ्यांचा, कोट्यवधी खर्चाचा चित्रपटही गल्लाभरू असू शकतो. म्हणून मी विशेषण म्हणून ‘गल्लाभरू’ राखून ठेवतो आणि नाम म्हणून ‘सनसनाटीपट’ सुचवतो. ‘सनसनाटी बातमी’ आपण रोज म्हणतो. पोस्टर जे कबूल करते ते त्या शब्दात नेमके येते, आणि भयपट, रहस्यपट यांच्या ओळीत तो सहज बसतो. पहिल्या उल्लेखात ‘एक्स्प्लॉइटेशन चित्रपट, म्हणजेच सनसनाटीपट’ असे लिहून पुढे मराठी शब्द चालवावा.

आता जपानकडे वळू, कारण तेथील खरी श्रीमंती त्यांच्या स्वतःच्या नावांत आहे. या चित्रपटांना एकच एक छत्रीसारखे नाव देण्याची गरज जपानी चित्रपटधंद्याला फारशी भासली नाही. प्रत्येक जातकुळीला त्याने वेगळे नाव दिले. चित्रपटाला जपानीत ‘एइगा’ म्हणतात. त्यातील ‘एइ’ म्हणजे प्रतिबिंब पाडणे, प्रक्षेपित करणे, आणि ‘गा’ म्हणजे चित्र. ‘मांगा’ (जपानी चित्रकथा) या शब्दातला ‘गा’ तो हाच. आपल्या ‘चित्रपटा’त चित्राला आधार देणारे कापड आहे, त्यांच्या ‘एइगा’त प्रकाश आहे. १९६२ मध्ये सातोरू कोबायाशी यांनी दिग्दर्शित केलेला ‘निकुताइ नो इचिबा’, म्हणजे ‘देहाचा बाजार’, हा ‘पिंकू एइगा’ (म्हणजे ‘पिंक फिल्म’, कमी खर्चाचे कामुक चित्रपट) या जातीचा पहिला चित्रपट मानला जातो. ‘पिंक’ हे नाव पुढच्याच वर्षी मिनोरू मुराइ या पत्रकाराने रूढ केले. त्याआधीही जपानीत ‘मोमोइरो’, म्हणजे पीच फळाचा रंग, हा शब्द चोरट्या प्रेमप्रकरणांसाठी वापरात होताच; ‘पिंक’ने त्या जुन्या छटेवर नवा इंग्रजी मुलामा चढवला.

‘गुलाबी चित्रपट’ मराठीत का फसतो, ते येथे कळते. आपला गुलाबी रंग थंडीचा, गालांचा, हळव्या प्रेमाचा आहे. अश्लीलतेसाठी मराठीने वेगळेच रंग वापरले: पुस्तक ‘पिवळे’ असते आणि चित्रफीत ‘ब्लू’ असते. ‘गुलाबी चित्रपट’ वाचणारा वाचक महाविद्यालयीन प्रेमकथेची वाट पाहील. त्यामुळे ‘पिंकू एइगा’ हे नाव जसेच्या तसे घ्यावे आणि अर्थ एका वाक्यात सांगावा. त्याच चित्रपटांना ‘सान्ब्याकुमान एइगा’ असेही म्हणत, आणि हे नाव तर सरळ मराठीत आणता येते: तीस लाखी चित्रपट. तीस लाख येन हा त्यांचा साधारण निर्मितिखर्च, तोच त्यांचे नाव झाला. पैसा इतका कमी की बराचसा चित्रपट कृष्णधवल आणि केवळ शृंगाराचे प्रसंग रंगीत, अशी पद्धत पडली. तिलाही नाव होते, ‘पातो-कारा’, म्हणजे अंशतः रंगीत.

मोठ्या कंपन्या या वाटेला का आल्या, याचे उत्तर आकड्यांत आहे. १९५८ मध्ये जपानात चित्रपटांची ११२ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली होती. १९७० मध्ये ती संख्या सुमारे २५ कोटींवर आली होती. दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली होती. निक्कात्सु या जुन्या कंपनीने नोव्हेंबर १९७१ पासून ‘रोमान पोरुनो’ ही कामुक चित्रपटांची मालिका सुरू केली आणि ती १९८८ पर्यंत चालवली. तोएइ कंपनीत अशा प्रत्येक मालिकेला ‘रोसेन’ हा शब्द लावत. रोसेन म्हणजे रेल्वेचा किंवा बसचा मार्ग. गुंडांच्या इमानदारीच्या कथांचा एक मार्ग, खऱ्या गुन्हेगारीच्या नोंदींवर बेतलेला दुसरा मार्ग, आणि गाडी ज्या मार्गावर भरून चालेल त्या मार्गावर फेऱ्या वाढवायच्या. ‘पठडी’ हा आपला शब्द त्याला जवळचा आहे, पण त्यात तुच्छता आहे, आणि ‘रोसेन’मध्ये केवळ धंद्याचे वेळापत्रक आहे.

पोस्टर वाचताना दोन शब्द मला विशेष भावले. पहिला ‘सुकेबान’. ‘सुके’ ही टोळक्यांच्या बोलीतली ‘बाई’, आणि ‘बान’ हा ‘बान्चो’ या शब्दाचा अर्धा तुकडा. बान्चो म्हणजे शाळेतल्या उनाड पोरांचा म्होरक्या. सुकेबान म्हणजे पोरींच्या टोळीची म्होरकी. तोएइने १९७१ पासून या नावाची मालिका काढली, तेव्हा शीर्षकात ‘स्त्री’ आणि ‘बान्चो’ यांची भारदस्त चित्राक्षरे लिहिली आणि त्यांचा उच्चार मात्र ‘सुकेबान’ असा करायला लावला. चित्राक्षरांचा उच्चार शेजारी बारीक अक्षरांत देण्याची जी सोय जपानी लिपीत आहे, तिला ‘फुरिगाना’ म्हणतात. एरवी ती शाळकरी मुलांच्या पुस्तकांत मदतीला येते. येथे मोठी अक्षरे प्रमाणभाषेत बोलतात आणि कडेची बारीक अक्षरे गल्लीच्या भाषेत त्यांना दुरुस्त करतात. देवनागरीत ही करामत करता येत नाही, म्हणून अनुवादकाने ती निदान वर्णनाने वाचकापर्यंत पोहोचवावी.

दुसरा शब्द आपल्या घरातला आहे. मेइको काजी या अभिनेत्रीचा १९७३ चा ‘शुरायुकी-हिमे’ हा सूडपट पाहावा. जपानीत ‘शिरायुकी-हिमे’ म्हणजे परीकथेतली हिमगौरी: ‘शिरा’ पांढरी, ‘युकी’ बर्फ, ‘हिमे’ राजकन्या. शीर्षककाराने पहिले ‘पांढरी’ हे अक्षर काढले आणि त्या जागी ‘शुरा’ची दोन चित्राक्षरे बसवली. हा ‘शुरा’ म्हणजे संस्कृत ‘असुर’. बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनमार्गे जपानला गेला, आधी ‘आशुरा’ झाला, मग आखडून ‘शुरा’ झाला. बौद्ध कल्पनेतल्या सहा गतींपैकी असुरांची गती अखंड युद्धाची आहे, म्हणून रणधुमाळीला, आणि आजकाल प्रेमातल्या कडाक्याच्या भांडणालाही, जपानी माणूस ‘शुराबा’, म्हणजे असुरांची जागा, असे म्हणतो. एका स्वराच्या बदलाने हिमगौरीची असुरगौरी झाली. ‘लेडी स्नोब्लड’ हे इंग्रजी नाव वाचणाऱ्याला हे दिसत नाही. मराठी वाचकाला ‘असुर’ सांगितला की ते लगेच उमगते. मराठीत या चित्रपटाचे नाव सांगायची वेळ आलीच, तर इंग्रजी नावाचा अनुवाद न करता जपानी नावावरूनच सांगावे.

पोस्टरवर शीर्षकाइतकेच महत्त्व असते ते ‘जाक्कु’ला. ‘जाक्कु’ म्हणजे प्रेक्षकाला ओढून आणणारे वाक्य, आणि त्यातला शेवटचा ‘कु’ म्हणजे चरण. ‘हाइकु’तला ‘कु’ तोच. अशी वाक्ये रचणाऱ्याला ‘जाक्कुशी’ म्हणत. तोएइचे तादाओ सेकिने हे त्यातले नामांकित. गल्लाभरू चित्रपटाच्या जाहिरातीतील ओळीला कवितेच्या चरणाचाच शब्द लावणारी भाषा त्या कारागिरीला किती गांभीर्याने घेत होती, हे त्यातून समजते. ‘घोषवाक्य’ हा शब्द येथे सरकारी वाटेल. ‘जाहिरातीतली ओळ’ किंवा सरळ ‘जाक्कु’ म्हणावे.

राहिला ‘भित्तिचित्र’. भित्तिचित्र म्हणजे भिंतीवरच काढलेले चित्र, अजिंठ्याचे. ते काढून घडी घालून नेता येत नाही. ‘भित्तिपत्रक’ हा शब्द अर्थाने बरोबर आहे, पण महाविद्यालयांत विद्यार्थी फलकावर जे हस्तलिखित लावतात त्यालाही तोच शब्द रूढ आहे. ‘पोस्टर’ मराठीत पूर्ण मुरला आहे, त्याचे अनेकवचन ‘पोस्टरे’ निःसंकोच करावे. आकारांची नावे मात्र जपानी ठेवावीत. नेहमीचे पोस्टर ‘बी-२’ आकाराचे, म्हणजे ५१.५ गुणिले ७२.८ सेंटिमीटर, अशी दोन एकाखाली एक जोडली की ‘तातेकान’. हे ‘तातेकानबान’चे, म्हणजे उभ्या पाटीचे, आखूड रूप, आणि त्यातले ‘कानबान’ पुण्या-चाकणच्या वाहन कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या तोंडी सुटे भाग मागवण्याच्या कार्डाचे नाव म्हणून रोज असते. मूळ अर्थ दुकानाची पाटी. हातात वाटायच्या लहान कागदाला ‘चिराशी’ म्हणतात (च चिमणीतला). ‘चिरासु’ म्हणजे विखुरणे, पसरणे, आणि भातावर मासे व भाज्या पसरून वाढतात त्या ‘चिराशी-झुशी’त तेच क्रियापद आहे.

पोस्टरच्या कोपऱ्यात दिसणारे ‘सेइजिन एइगा’ हे शब्द वगळू नयेत. सेइजिन म्हणजे प्रौढ, सज्ञान. हा शिक्का १९४९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एइरिन’ या चित्रपटधंद्याच्या स्वनियमन संस्थेचा असे. मराठीत त्यासाठी ‘फक्त प्रौढांसाठी’ हे तयार शब्द आहेत, आणि तेथे नवीन काही घडवण्याची गरज नाही.